साधनांचे निस्तार पत्रक

संगणकप्रणाली घडविण्याच्या व्यवसायात अलीकडे एक मत इतके रूढ झाले आहे की, त्याला हरकत घेणारा मनुष्य निष्कारण वितंडवादी ठरावा. ते मत असे की, स्वयंचलित बिल्ड चालू असता कंटेनरच्या आत एखादे साधन हजर नसल्यामुळे ‘कमांड नॉट फाउंड’ असा शेरा उमटून ती कोसळली, तर त्या पायरीच्या माथ्यावर ते साधन बसवून घेणारी एक ओळ लिहावी, पाइपलाइन हिरवी झाल्याची खातरजमा करावी आणि आपापल्या कामास लागावे. यात विचार करण्याजोगे काही नाही आणि लेख लिहिण्याजोगे तर मुळीच नाही. गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी बसून नागपूर-पुण्याच्या, क्वचित परदेशच्याही, कामांची तामील करणारी जी तरुण मंडळी आज आपल्याकडे दिसू लागली आहे, तिच्या तोंडी हेच मत ऐकू येते. आणि ज्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडून ती ते शिकली, ते तर त्याला व्यवहारज्ञान असे भारदस्त नाव देतात. प्रस्तुत लेख या व्यवहारज्ञानाच्या विरुद्ध आहे.

पूर्वपक्ष त्याच्या बळकट रूपात मांडला पाहिजे. त्याचे म्हणणे तीन आधारांवर उभे आहे. कंटेनर ही मुळातच अल्पजीवी वस्तू असून काम आटोपताच ती नाहीशी होते, तेव्हा तिच्या अंतरंगाची चिरकालीन व्यवस्था लावत बसणे व्यर्थ होय, हा पहिला आधार. साधन बसविणारी ओळ पाइपलाइनच्या फाइलीतच असल्यामुळे वाचणाऱ्याला ते कोठून आले हे जागच्या जागी दिसते, उलट इमेजच्या पोटात गेलेल्या साधनाचा माग काढण्यास त्याला आणखी एक फाइल, आणि नशीब आडवे आले तर आणखी एक रिपॉझिटरी, धुंडाळावी लागते, हा दुसरा. आणि तिसरा, जो सर्वांत मोठ्या आवाजात सांगितला जातो, तो वेळेचा : ग्राहक दाराशी उभा असता शास्त्र पाहणे परवडत नाही. यांपैकी दुसरा आधार मला खरोखरच वजनदार वाटतो आणि त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे; पहिला अर्धसत्य आहे; आणि तिसरा, माझ्या मते, हिशेब नीट न मांडल्याचे फळ आहे.

कंटेनरमध्ये नेमके काय घडते ते आधी पाहू. २०१३ च्या मार्च महिन्यात सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत डॉकर प्रथम लोकांसमोर आणले, तेव्हापासून ज्या कल्पनेने या व्यवसायाला झपाटले आहे ती थोडक्यात अशी की, कामाला लागणारी सारी सामग्री एका इमेजमध्ये बांधावी आणि त्या इमेजवरून हवे तितके कंटेनर उभे करावेत, म्हणजे ‘माझ्या यंत्रावर चालते’ ही सबब कायमची निकालात निघेल. आता पाइपलाइनमधील एखादे काम कंटेनरमध्ये चालवावयाचे असे आपण ठरविले की ज्या यंत्रावर तो कंटेनर उभा आहे त्या यंत्रावरची साधने त्याला दिसेनाशी होतात. यंत्रावर गिट असेल, कर्ल असेल, जेक्यू असेल, मेक असेल. कंटेनरला त्यांचा उपयोग नाही. कंटेनरमधील शेल ‘पाथ’ नावाच्या यादीतील एकेक फोल्डर क्रमाने पाहते, त्या नावाचे काही आढळले नाही की १२७ हा एक्झिट कोड देऊन थांबते. नाव आढळले परंतु चालविण्याची परवानगी नसेल तर १२६ देते. डेबियनच्या मूळ इमेजमध्ये कर्लसुद्धा नसते. नोडच्या पूर्ण इमेजमध्ये गिट आणि कर्ल असतात, तिच्याच ‘स्लिम’ भावंडात नसतात. आणि जागा वाचविण्याच्या सद्हेतूने कोणीतरी एका संध्याकाळी नावापुढे ‘स्लिम’ जोडतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी लाल झालेल्या पाइपलाइनी पाहून सारी कचेरी डॉकरला शिव्या घालते.

येथवर प्रतिपक्षाचे आणि माझे काही वाकडे नाही. मतभेद येतो तो या शेऱ्यावर किती विश्वास ठेवावा येथे. प्रतिपक्ष असे गृहीत धरून चालतो की ‘सापडत नाही’ याचा अर्थ ‘नाही’, आणि ‘नाही’ याचा इलाज ‘बसवा’. ही दोन्ही गृहीतके अनुभवाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

अल्पाइन या अतिलघू वितरणाचे उदाहरण घ्या. त्याची इमेज अवघ्या काही मेगाबाइटांची असल्यामुळे ती लोकप्रिय झाली. परंतु तो लहानपणा ज्या दोन गोष्टींमुळे साधला, त्यांचा विसर पडून कसे चालेल? एक म्हणजे तिच्यात जीलिबसी या सुपरिचित ग्रंथालयाऐवजी मस्ल नावाचे दुसरे ग्रंथालय आहे, आणि दुसरी म्हणजे नेहमीच्या शेकडो आज्ञा तेथे बिझीबॉक्स नावाच्या एकाच प्रोग्रॅमने आपल्या अंगावर घेतल्या आहेत. आता कोणी एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तयार प्रोग्रॅम उतरवून घेतो, तो योग्य फोल्डरात ठेवतो, त्याला चालविण्याची परवानगी देतो आणि हाक मारतो. शेल म्हणते, ‘नॉट फाउंड’. तो फोल्डर उघडून पाहतो तर फाइल डोळ्यांसमोर आहे, नाव बरोबर आहे, परवानगी बरोबर आहे. असे का व्हावे? तर त्या प्रोग्रॅमच्या शिरोभागी, मला चालविण्यापूर्वी अमुक ठिकाणचा अमुक लोडर आणा, अशी जीलिबसीच्या लोडरच्या नावाने सूचना लिहिलेली असते; तो लोडर अल्पाइनमध्ये नाही; कर्नेल त्याला शोधते, तो न मिळाल्याची तक्रार वर पाठविते आणि शेल ती तक्रार बिचाऱ्या प्रोग्रॅमच्याच नावावर खपविते. सापडले नाही हे खरे, पण काय सापडले नाही ते शेरा सांगत नाही. पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता लिहिलेली स्क्रिप्ट बॅश नसलेल्या अल्पाइनमध्ये चालवू जावी, किंवा विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टच्या ओळींच्या शेवटी एक अदृश्य अक्षर चिकटून राहावे, तरी हीच गत होते. या प्रसंगी ते साधन पुन्हा बसविणारी ओळ लिहिणारा मनुष्य तेच साधन तीनदा बसवितो आणि तीनदा तोच शेरा वाचतो.

याच्या उलटही घडते. बिझीबॉक्समध्ये ग्रेप नावाची आज्ञा आहे. पण तिला ‘पी’ हा पर्याय ठाऊक नाही. नाव हजर, अंगी तो गुण नाही. येथे १२७ उमटत नाही आणि ‘काय बसवू?’ या प्रश्नाला प्रतिपक्षाच्या पद्धतीत उत्तरही नाही, कारण त्याच्या लेखी साधन तर आहेच.

परंतु मला ज्या उदाहरणाने हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले ते याहून सूक्ष्म आहे. गिटहबच्या ॲक्शन्समध्ये बहुतेक कामांची पहिली पायरी ‘चेकआउट’ ही असते. रिपॉझिटरीतील फाइली कंटेनरमध्ये आणून ठेवणे हे तिचे काम. कंटेनरच्या ‘पाथ’मध्ये गिटची २.१८ किंवा त्यापुढची आवृत्ती नसेल तर ही पायरी कोसळत नाही. ती लॉगमध्ये एक ओळ नोंदविते आणि गिटऐवजी संकेतस्थळाच्या एपीआयमार्फत फाइली उतरवून घेते. फाइली सगळ्या येतात. येत नाही तो इतिहास, म्हणजे ज्या लपलेल्या फोल्डरावरून गिटला आपण रिपॉझिटरीत आहोत हे कळते तो फोल्डरच. पायरी हिरवी. पुढे आठव्या-दहाव्या पायरीला आवृत्तीचे नाव ठरविण्यासाठी कोणी गिटला विचारतो, तेव्हा शेल सांगते की गिट नाही. आमचा व्यवहारज्ञानी तत्काळ त्या पायरीच्या माथ्यावर गिट बसविण्याची ओळ लिहितो. पुढच्या खेपेला गिट हजर असते, आणि ते म्हणते की ही रिपॉझिटरीच नव्हे. आता शोध सुरू होतो तो भलत्याच दिशेने : फोल्डराची मालकी तपासली जाते, परवानग्या बदलल्या जातात, आणि २०२२ पासून परक्या मालकीच्या फोल्डरात काम करण्याला गिट जी हरकत घेते तीच आडवी आली असावी अशा समजुतीने सगळेच फोल्डर सुरक्षित मानावेत असे फर्मानही कोणी सोडतो. अर्धा दिवस जातो. गिट पहिल्या पायरीच्या वेळीच हवे होते, दहाव्या पायरीच्या वेळी नव्हे, ही गोष्ट दहाव्या पायरीवरचा शेरा सांगूच शकत नव्हता.

प्रतिपक्ष म्हणेल, मग ओळ चेकआउटच्या आधी लिहा, काम भागेल. भागेल, हे मला मान्य आहे. परंतु ओळ कोठे लिहावी हे शेऱ्यावरून कळले नाही, कामाच्या संपूर्ण रचनेचा विचार केल्यावर कळले. आणि त्याच विचाराने आणखी एक पाऊल टाकले असते तर ओळ पाइपलाइनमधून उठून इमेजमध्ये गेली असती. गिटलॅबमध्ये तर परिस्थिती नेमकी उलटी : तेथे फाइली आणण्याचे काम एक स्वतंत्र मदतनीस कंटेनर करतो, त्यामुळे तो लपलेला फोल्डर येतो आणि गिट मात्र नसते. एकाच शेऱ्याची दोन ठिकाणी दोन कारणे, आणि प्रतिपक्षाच्या हाती दोहोंसाठी एकच औषध.

शेरा उमटूनही बिल्ड थांबू नये, असेही प्रसंग आहेत. आवृत्तीचा क्रमांक जेक्यूकडून काढून एका चलात ठेवावयाचा आणि त्याच ओळीत ‘एक्स्पोर्ट’ करावयाचे, ही रचना शेकडो स्क्रिप्टांत आढळते. जेक्यू नसेल तर १२७ उमटतो खरा, पण ओळीचा अंतिम निकाल ‘एक्स्पोर्ट’चा असतो, आणि एक्स्पोर्ट तर यशस्वी झालेले असते, चूक होताच थांबण्याचा हुकूम शेलला दिलेला असला तरी ते थांबत नाही. चल रिकामे राहते. पुढची पायरी ‘व्ही’ या अक्षरापुढे तो क्रमांक जोडून इमेजला नाव देते, आणि ‘व्ही’ एवढ्याच नावाची आवृत्ती रजिस्ट्रीत निमूटपणे जाऊन बसते. नळाने जोडलेल्या आज्ञांचीही तीच कथा : ‘पाइपफेल’ चालू नसेल तर शेवटच्या आज्ञेचा निकाल तो साऱ्यांचा निकाल. तक्रार येईल तेव्हा ओळ लिहू, असे म्हणणाऱ्याने तक्रारच येणार नाही तेव्हा काय करणार हे आधी सांगावे.

आता ओळीचीच परीक्षा करू. ती दर खेपेला जाळ्यावरून पॅकेज मागविते, म्हणजे आपल्या बिल्डचे यश दुसऱ्याच्या भांडाराच्या कृपेवर सोपविते. डेबियनची ‘स्ट्रेच’ ही नववी आवृत्ती २०२२ च्या जूनअखेर आधारातून गेली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तिची पॅकेजे नेहमीच्या भांडारांतून उचलून संग्रहात ठेवण्यात आली. त्या दिवसापर्यंत बिनतक्रार चाललेल्या बिल्डा त्या दिवसानंतर यादी अद्ययावत करण्याच्या पहिल्याच आज्ञेपाशी अडखळल्या. सेंटओएसची आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ रोजी समाप्त झाली आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीस तिचीही तीच वाट लागली. ज्यांनी साधने आधीच इमेजमध्ये बांधून ती इमेज आपल्या रजिस्ट्रीत ठेवली होती त्यांची कामे चालू राहिली. मुदत संपलेल्या प्रणालीवर निर्धास्त बसून राहावे असे मी म्हणत नाही. परंतु स्थलांतराचा दिवस आपण ठरवावा, तो कोण्या दूरच्या व्यवस्थापकाने आपल्यावर लादू नये, एवढी मागणी अवाजवी नव्हे. शिवाय पॅकेज बसविण्यास रूटचा अधिकार लागतो. तेव्हा एका ओळीच्या सोयीसाठी साऱ्या कामाला रूटचे अधिकार द्यावे लागतात, आणि जो कंटेनर सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालावा अशी सगळीकडे ताकीद आहे, तो सर्वाधिकारी होऊन बसतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे पॅकेजही न मागविता, कर्लने एखादी स्क्रिप्ट जाळ्यावरून उतरवून ती न वाचता तडक बॅशच्या तोंडी देणे. हा शिरस्ता किती महागात पडतो ते २०२१ साली कोडकव्हच्या प्रकरणाने जगाला दाखविले. चाचण्यांनी किती मजकूर व्यापला याचा अहवाल पाठविणारी त्या कंपनीची बॅश स्क्रिप्ट असंख्य पाइपलाइनी दर खेपेस उतरवून चालवीत असत. ३१ जानेवारीपासून कोणीतरी त्या स्क्रिप्टमध्ये फेरफार करून पाइपलाइनींच्या परिसरातील चले, म्हणजे ज्यांत किल्ल्या आणि परवलीचे शब्द असतात तीच, एका परक्या यंत्राकडे पाठविण्याची तजवीज केली होती. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पाइपलाइनी हिरव्याच होत्या. १ एप्रिल रोजी एका ग्राहकाने उतरवून घेतलेल्या स्क्रिप्टची ठशाची बेरीज प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी ताडून पाहिली, ती जुळेना, आणि तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. दोन महिने हजारो लोकांनी न वाचलेली आज्ञा रोज पाळली, आणि एका मनुष्याने ताळा पाहिला. टीजे-ॲक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या अनेकांनी वापरलेल्या पायरीचे २०२५ च्या मार्चमध्ये असेच झाले : जुन्या आवृत्त्यांची नावे परस्पर नव्या, दूषित मजकुराकडे वळविली गेली, आणि नावावर विसंबलेले सारे फसले.

येथे प्रतिपक्ष मला अडवील, आणि अडवावेच. कोडकव्हच्या त्या घटनेचे मूळ त्यांच्याच डॉकर इमेज तयार करण्याच्या पद्धतीतील एका चुकीत होते. त्या चुकीमुळे आक्रमकाला स्क्रिप्ट बदलण्याची किल्ली मिळाली. मग इमेजचा एवढा कैवार कशाला? हा आक्षेप खरा आहे, परंतु तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. किल्ल्या इमेजच्या कोणत्याही थरात राहता कामा नयेत, पुढच्या थरात पुसल्या तरी त्या मागच्या थरात शिल्लक असतात, हा नियम पाळला नाही त्याचे ते प्रायश्चित्त होते. इमेजमध्ये साधने असावीत, किल्ल्या नसाव्यात. त्यांची किल्ली इमेजमधून निसटली हे खरे. पण त्या निसटलेल्या किल्लीची झळ हजारो परक्या पाइपलाइनींना पोहोचली ती मात्र दर खेपेला उतरविण्याच्या ओळीमुळेच.

हे माझेच खूळ आहे असेही कोणी समजू नये. मार्टिन फाउलर यांनी आपल्या सतत-एकत्रीकरणावरील निबंधाच्या २००६ च्या आवृत्तीत, कोऱ्या यंत्रावर रिपॉझिटरीतील मजकूर उतरवून एका आज्ञेत सगळे उभे राहिले पाहिजे, असा निकष सांगितला होता. हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास बारा कलमांची जी संहिता मांडली तिच्यात तर कर्लसारखे साधन यंत्रावर असेलच असे गृहीत धरू नये, असे कर्लचे नाव घेऊन बजावले आहे. या दोघांचे वाचन न करताही बिल्ड चालविता येते. ती कोसळणार नाही याची हमी मात्र राहत नाही.

आता त्या आक्षेपाकडे वळतो, जो आपल्या भागात सर्वांत अधिक ऐकू येतो आणि जो मला सर्वांत अधिक चीड आणतो. ही शिस्त बंगळूरच्या आणि पुण्याच्या मोठ्या कंपन्यांसाठी, तेथे इमेज सांभाळायला स्वतंत्र माणसे असतात. तिरोड्याला वा आमगावला दोघे-तिघे मिळून भाताच्या गिरणीचा हिशेब लिहिणारी प्रणाली चालवितात त्यांना हा थाट कशाला? मी म्हणतो, त्यांनाच. मोठ्या कंपनीत एकाचे विसरलेले दुसऱ्याला आठवते. दोघांच्या कचेरीत एक जण सोडून गेला की अर्धे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट परक्याने शिकवावी लागू नये. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, परंतु त्याच्या गावांचा महसुली वारसा मध्य प्रांताच्या मालगुजारीचा आहे. नवेगाव बांधसारखे कोहळी समाजाने बांधलेले तलाव, तलावाच्या पोटातले गवत, जंगलातले सरपण, शेतापर्यंत जाणारी वाट, मासे धरण्याचा हक्क : यांपैकी काय कोणाला आणि किती, हे मालगुजारांच्या काळी गावाच्या रूढीने ठरे. परंतु रूढी मालगुजाराच्या आणि पटवाऱ्याच्या तोंडी राहू न देता ती कागदावर उतरविण्याचा प्रघात होता. वाजिब-उल-अर्ज तो हाच. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि तरीही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तार हक्कांचे, म्हणजे अशाच सामाईक वापराच्या हक्कांचे, स्वतंत्र प्रकरण राहिले, त्याच्या १६१ व्या कलमात निस्तार पत्रक आणि १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्ज. मालक बदलला, राज्य बदलले, राजधानी बदलली. जे नोंदले होते ते दाखविता आले, जे कोणाच्या स्मरणावर सोडले होते त्यासाठी भांडावे लागले. डॉकरफाइल ही बिल्डची अशीच नोंद आहे : या कामाला गिट लागते, अमुक आवृत्तीचे, जेक्यू लागते, खरे बॅश लागते. जो ती नोंद करीत नाही आणि वाद उपस्थित होईल तेव्हा तेव्हा ओळ लिहून मार्ग काढतो, तो आपले सारे हक्क ज्येष्ठ सहकाऱ्याच्या स्मरणशक्तीवर ठेवून मोकळा होतो.

आणि व्यवहाराचीच भाषा बोलावयाची तर, स्वतःच्या कचेरीतील यंत्रावर रनर चालविणाऱ्याला दर बिल्डला तीच पॅकेजे पुन्हा उतरविण्याचा भुर्दंड महानगरापेक्षा येथे अधिक जाणवतो. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने खाते नसलेल्यांवर सहा तासांत किती इमेजा उतरवाव्यात याची मर्यादा घातली ती आयपी पत्त्यागणिक. एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसलेल्या प्रशिक्षणवर्गाला ती किती लवकर गाठते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आपल्या रजिस्ट्रीत आपली इमेज असणे म्हणजे चैन वाटणार नाही.

तेव्हा करावे काय? पाइपलाइनच्या फाइलीशेजारी, त्याच रिपॉझिटरीत, डॉकरफाइल ठेवावी. म्हणजे प्रतिपक्षाच्या दुसऱ्या, वजनदार आधाराचे उत्तर मिळते, कारण साधनांची यादी वाचणाऱ्यापासून एका फाइलीच्या अंतरावर येते, तेही साऱ्या पायऱ्यांसाठी एकदाच. यादी अद्ययावत करण्याची आणि पॅकेजे बसविण्याची आज्ञा एकाच ओळीत, एकाच थरात असावी. वेगळ्या केल्या तर जुनी यादी कॅशमधून उचलली जाते आणि नसलेली पॅकेजे शोधत बिल्ड कोसळते. शेवटी एक थर असा असावा की त्यात प्रत्येक साधनाला त्याची आवृत्ती विचारावी. एखादे उत्तर देत नसेल तर इमेजच बांधली जाऊ नये; तक्रार दहाव्या पायरीवर न येता उंबरठ्यावर यावी. अल्पाइनमधला तो लोडरचा घोटाळा याच ठिकाणी पकडला जातो, कारण येथे नावाची चौकशी होत नाही, साधनाला प्रत्यक्ष हाक मारली जाते. बांधलेली इमेज रजिस्ट्रीत ठेवावी आणि पाइपलाइनमध्ये तिचा उल्लेख नावाने न करता तिच्या चौसष्ट अक्षरी ठशाने करावा, म्हणजे टीजे-ॲक्शन्सच्या ग्राहकांप्रमाणे नावाखाली दुसरेच काही हाती पडणार नाही.

सगळे काही असलेली प्रचंड इमेज एकदाच घ्यावी आणि विसरून जावे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याला विस्ताराने उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. सर्व काही आहे म्हणणाऱ्या कोठारात आपल्याला काय लागते याची नोंद तशीही राहत नाही, आणि कोठार चालविणाऱ्याने एके दिवशी एक वस्तू काढून टाकली की आपण पुन्हा पहिल्या जागी. उबंटूच्या २२.०४ वरून २४.०४ कडे गिटहबने आपली नेहमीची यंत्रे वळविली तेव्हा नव्या यंत्रांवरील साधनांची यादी पूर्वीची राहिली नव्हती, हे अनेकांना बिल्ड कोसळल्यावरच कळले.

एक कबुली मात्र दिली पाहिजे, कारण येथे प्रतिपक्षाचे पारडे खरोखर जड आहे. प्रत्येक पॅकेजची आवृत्ती डॉकरफाइलमध्ये बांधून टाका, असा उपदेश करणारे शुद्धतावादी अव्यवहार्य गोष्ट सांगतात. अल्पाइनच्या भांडारात नवी आवृत्ती आली की जुनी काढून टाकली जाते, आणि काल बांधलेली आवृत्ती आज मिळत नाही. डेबियनचे तारीखवार संग्रहालय आहे, त्यावरून एखाद्या दिवशीची पॅकेजे जशीच्या तशी मिळविता येतात, पण लहान कचेरीला तेवढी काटेकोरता सहसा लागत नाही. तिने पॅकेजांच्या आवृत्त्या मोकळ्या ठेवाव्यात, बांधून झालेल्या इमेजचा ठसा मात्र बांधावा, आणि ठरलेल्या कालावधीने, उदाहरणार्थ महिन्यातून एकदा, ती नव्याने बांधून चाचण्या चालवाव्यात. सुरक्षेच्या दुरुस्त्या आत येतात, आणि काही मोडले तर ते आपण नेमलेल्या दिवशी मोडते.

ओळ लिहिण्याला माझा आत्यंतिक विरोध नाही. रोगाचे निदान करताना, कोणते साधन कमी आहे हे चाचपून पाहताना, ती लिहावी. फांदीवर लिहावी, मुख्य शाखेत विलीन होण्यापूर्वी ती डॉकरफाइलमध्ये हलवावी. इमेज पुन्हा बांधण्यास वेळ लागतो, ही वेळेची तक्रार जे करतात, त्यांनी आपल्या डॉकरफाइलमधील थरांचा क्रम एकदा पाहावा. साधनांचा थर वर आणि रोज बदलणारा मजकूर खाली असेल तर मजकूर बदलल्यावर साधनांचा थर पुन्हा बांधला जात नाही, कॅशमधून उचलला जातो. साधन जोडावयाचे असेल त्याच दिवशी तो बांधावा लागतो. पाइपलाइनमधली ओळ मात्र रोज, प्रत्येक बिल्डला, प्रत्येक फांदीवर, ग्राहक दाराशी उभा असतानाही, तीच पॅकेजे पुन्हा उतरवीत बसते.